संध्याकाळचा एक तास खेळून दिवसभराचं बसणं भरून निघतं का?

बेळगावातल्या वडगावहून एका आईने विचारलं आहे, ते थोडक्यात असं. मुलगा ११ वर्षांचा, सहावीत. हातपाय काटकुळे, पण पोट सुटायला लागलंय. आरोग्य तपासणीत ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १३८ आलं, साखर ठीक. रिपोर्टवर 'नॉर्मल' असंच छापलंय. वडिलांना मधुमेह, आजोबांची ५२ व्या वर्षी बायपास झालेली. मुलगा रिक्षाने शाळेला जातो, आल्यावर ट्यूशन, मग गृहपाठ, मग मोबाईल. प्रश्न दोन. नुसतं बसून राहिल्याने एवढ्या लहान मुलाच्या हृदयावर खरंच परिणाम होतो का? आणि रोज संध्याकाळी तासभर क्रिकेट कोचिंगला घातलं तर दिवसभराचं बसणं भरून निघेल का? धाकटी मुलगी ४ वर्षांची आहे, तिचंही काय करावं असं शेवटी विचारलंय.

ताई, आधी सरळ उत्तर देते. परिणाम होतो. ११ व्या वर्षी हार्ट अटॅक येत नाही, पण पन्नाशीत तो ज्या वाटेने येतो ती वाट याच वयात मळायला लागते, आणि तुमच्या घरात ती दोन पिढ्या मळलेली आहे. तासभराच्या खेळाचं म्हणाल तर जरूर घाला, त्याच्याइतकं गुणकारी औषध माझ्याकडे दुसरं नाही. पण बाकीचा दिवस आहे तसाच ठेवून तो एक तास सगळं निभावेल अशी आशा धरू नका. बेळगावात मुलांची डॉक्टर म्हणून इतकी वर्षं काम केल्यावर माझं ठाम मत झालंय की आपल्या मुलांचा खेळ जेवढा गेला त्याहून जास्त त्यांचं बारीकसारीक हलणं गेलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून कोथिंबीर आणणं, मित्राला हाक मारायला पुढच्या गल्लीत जाणं, गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढून आणणं. ही कामं कुणी खेळात धरत नव्हतं, पण दिवसभराची मिळून ती दोन-तीन तासांची होत होती.

तुम्ही लिहिलेलं वेळापत्रक मी कागदावर मांडून पाहिलं. मुलगा पावणेसातला उठतो. रिक्षा शहापूर, अनगोळ फिरून सगळी पोरं गोळा करत जाते, त्यामुळे जाऊन-येऊन एक तास. शाळेत निदान पाच तास बाकावर. ट्यूशन दोन तास, गृहपाठ दीड, जेवणखाण एक, मोबाईल आणि टीव्ही दोन. बेरीज साडेबारा तास होते. तो पावणेअकराला झोपतो, म्हणजे सोळा तास जागा असतो आणि त्यातले साडेबारा बसून जातात. झोप फक्त आठ तास, आणि ५ ते १३ वयाच्या मुलाला ती ९ ते ११ तास लागते. या बेरजेत एक गोष्ट नीट बघा. घरात भांडण होतं ते मोबाईलच्या दोन तासांवरून. शाळा, रिक्षा आणि ट्यूशन मिळून जे आठ तास होतात ते आपण मोठ्या माणसांनी बसवलेले तास आहेत, त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. मुलाला 'हलत नाहीस' म्हणून ओरडण्याआधी ही बेरीज आपल्यासमोर असावी.

आता बसल्याने आत काय होतं ते. शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू मांड्यांचे आणि कुल्ह्यांचे. जेवणानंतर रक्तात येणारी साखर मुख्यतः स्नायू उचलतात. स्नायू काम करत असतील तर ते इन्सुलिनची वाट न बघताही साखर आत ओढतात, गप्प असतील तर सगळा भार इन्सुलिनवर पडतो आणि स्वादुपिंडाला ते जास्त सोडावं लागतं. रक्तातली चरबी, म्हणजे तुमच्या रिपोर्टमधलं ट्रायग्लिसराइड, फोडून वापरणारं लायपोप्रोटीन लायपेज नावाचं एक एन्झाइम स्नायूंतल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला असतं. स्नायू बराच वेळ निपचित राहिला की त्याचं काम मंदावतं, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत स्पष्ट दिसलेलं आहे. तिसरी गोष्ट रक्तवाहिन्यांची. गुडघे दुमडून तासन्तास बसलं की पायांतला रक्तप्रवाह संथ होतो, आणि प्रवाहाच्या घर्षणाने धमनीच्या अस्तराला जी लवचिक राहण्याची सूचना मिळते ती कमी पडते. ७ ते १० वर्षांच्या मुलींना सलग तीन तास बसवून केलेला एक छोटा अभ्यास २०१५ साली आला. त्यांच्या मांडीच्या धमनीची प्रसरण पावण्याची क्षमता तेवढ्यात सुमारे एक तृतीयांश कमी झाली. दर तासाला दहा मिनिटं सायकल चालवायला लावली तेव्हा ती घट झाली नाही.

वडगाव-खासबागचे तुम्ही, म्हणून एक उदाहरण तुम्हाला लगेच पटेल. हातमागावर बसणारा विणकर दिवसभर बसूनच असायचा. पण त्याचे पाय सतत मागाखालच्या फळ्या दाबत असायचे, हात धोटा फेकत असायचे. त्याच्या नातवाचं सोफ्यावर आडवं होऊन मोबाईल बघणंसुद्धा बसणंच, पण स्नायूंच्या हिशेबात या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही.

अभ्यास काय सांगतात हे प्रामाणिकपणे मांडायला हवं, कारण यावर भीती घालणारे मेसेज फार फिरतात. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या परिसरात १९९१-९२ च्या सुमारास जन्मलेल्या हजारो मुलांचा पाठपुरावा आजही चालू आहे. त्यातल्या ७६६ मुलांना ११, १५ आणि २४ व्या वर्षी हालचाल मोजणारं यंत्र लावलं आणि १७ व २४ व्या वर्षी त्यांच्या हृदयाची सोनोग्राफी केली. ११ व्या वर्षी ही मुलं दिवसाला सरासरी ३६२ मिनिटं बसून होती, २४ व्या वर्षी ५३१. ज्यांचं बसणं जास्त वाढलं त्यांच्या हृदयाच्या डाव्या कप्प्याचं वस्तुमान जास्त आढळलं, आणि वजन व रक्तदाब हिशेबात धरूनही हा संबंध टिकला. २०२३ साली युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या परिषदेत हे निष्कर्ष मांडले गेले. बातम्यांत 'बसल्याने मुलांचं हृदय खराब' असं आलं, ते जास्तीचं होतं. हा संबंध आहे, कार्यकारणाचा पक्का पुरावा नव्हे. मुलांना आजारही झालेला नव्हता, फरक बारीक होता. पण डाव्या कप्प्याचं जाड होणं पुढच्या आयुष्यात चांगलं लक्षण नसतं, म्हणून मी तो अभ्यास गंभीरपणे घेते.

दुसऱ्या बाजूलाही वजन आहे. २०१२ साली अनेक देशांतल्या २० हजारांहून जास्त मुलांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. त्यात दमवणारी हालचाल जास्त असलेल्या मुलांची कंबर, रक्तदाब, इन्सुलिन, ट्रायग्लिसराइड सगळंच चांगलं होतं, मग ती बाकी वेळ कितीही बसोत. दमवणारी हालचाल हिशेबात धरल्यावर नुसत्या बसण्याच्या तासांचा वेगळा परिणाम तिथे दिसला नाही. मधेमधे उठण्याच्या बाबतीतही निकाल दोन्हीकडचे आहेत. अमेरिकेत ७ ते ११ वर्षांच्या २८ मुलांना तीन तास बसवलं आणि दर अर्ध्या तासाला तीन मिनिटं चालायला लावलं, तर साखर आणि इन्सुलिन दोन्ही कमी राहिलं. कॅनडातल्या एका प्रयोगात मात्र निरोगी मुलांना दिवसभर बसवूनही, आणि मधेमधे उठवूनही, असा फरक सापडला नाही.

या सगळ्यातून मी घेतलेला अर्थ असा. जोरदार खेळाचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे, म्हणून तो पहिला. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० साली ५ ते १७ वयासाठी हेच सांगितलंय: आठवड्याच्या सरासरीने रोज किमान ६० मिनिटं धाप लागेल अशी हालचाल आणि आठवड्यातून निदान तीन दिवस हाडं-स्नायू मजबूत करणारी कसरत. बसण्याचे नेमके तास त्यांनी ठरवून दिले नाहीत, 'कमी करा, विशेषतः करमणुकीचा स्क्रीन' एवढंच म्हटलंय. स्क्रीनचं वेगळं नाव घेतलंय त्याला कारण आहे. नुसत्या बसण्यापेक्षा स्क्रीनसमोरच्या बसण्याचा लठ्ठपणाशी संबंध जास्त सातत्याने दिसतो, कारण त्या वेळी मुलं खातात, आणि झोपही पुढे ढकलली जाते. कॅलिफोर्नियातल्या दोन प्राथमिक शाळांत झालेला एक प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाला. एका शाळेत मुलांचा टीव्ही-व्हिडिओ कमी करायला शिकवलं, आहार-व्यायामाचं काहीच सांगितलं नाही. त्या मुलांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, दुसऱ्या शाळेतल्या मुलांपेक्षा कमी वाढला, आणि टीव्हीसमोर बसून जेवणंही कमी झालं. म्हणून घरात एकच नियम करायचा असेल तर मी हा सांगते: ताट आणि पडदा एकत्र नको. बेकरीतला पफ असो, खारी असो की चिरमुरे असोत, स्वयंपाकघरात बसून खायचं. पोरं तेवढ्यानेही निम्मं खातात.

तुमच्या मुलाचे हातपाय बारीक आहेत म्हणून घरचे निर्धास्त आहेत, आणि मला नेमकी त्याचीच काळजी वाटते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्याकडच्या मुलांबद्दल जे दाखवून दिलं ते या भागातल्या प्रत्येक आईबापाने समजून घ्यावं. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा हलकी होती, स्नायू कमी होते, पण चरबी त्या मानाने राखलेली होती. पुढे २००४ साली त्यांचा आणि एका इंग्रज संशोधकाचा शेजारीशेजारी फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३, पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपला काटकुळा मुलगा आतून चरबी साठवत असू शकतो, आणि ती साठते पोटात, यकृताभोवती. बाहेरून दिसतं फक्त थोडं सुटलेलं पोट. म्हणून आपल्याकडे मुलांचा बीएमआय बघताना इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचे २०१५ चे तक्तेच वापरावेत. त्यात जादा वजनाची रेषा मोठेपणीच्या २३ ला आणि लठ्ठपणाची २७ ला जुळवलेली आहे, पाश्चात्य तक्त्यांसारखी २५ आणि ३० ला नाही.

घरी करण्यासारखी याहून सोपी तपासणी आहे. मुलाच्या उंचीएवढी सुतळी घ्या, तिची बरोबर मधोमध घडी घाला आणि ती घडी त्याच्या कमरेभोवती फिरवा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. टोकं एकमेकांना भेटली नाहीत तर कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे, आणि तेव्हा डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका.

दुसरी तपासणी मानेची. उजेडात मुलाची मान मागून बघा. कातडी काळपट, जाडसर, मखमलीसारखी लागते का? काखेत आणि मानेच्या घडीत? आया अशा मुलांना माझ्याकडे आणतात तेव्हा मान बऱ्याचदा घासून लाल झालेली असते. आज्जीने दगडाने घासलेली असते, कुणी लिंबू लावलेलं असतं, आणि पोरगं 'अंघोळ नीट करत नाहीस' म्हणून रोज बोलणी खात असतं. तो मळ नसतो. रक्तात इन्सुलिन जास्त फिरत असल्याची ती खूण आहे. इन्सुलिन कमी झालं की हळूहळू आपोआप उजळते, घासून कधीच जात नाही.

आता तुमच्या रिपोर्टबद्दल. १३८ या आकड्यासमोर 'नॉर्मल' छापलंय, कारण लॅबच्या कागदावर मोठ्या माणसांची मर्यादा असते, १५० ची. मुलांची वेगळी असते. १० ते १९ वयात ९० च्या आत चांगलं, ९० ते १२९ काठावर, १३० आणि वर जास्त. नऊ वर्षांपर्यंत तर ७५ च्या आत हवं. म्हणजे तुमच्या मुलाचा आकडा नॉर्मल नाही. मात्र लगेच घाबरूही नका. तपासणीच्या दिवशी तो सकाळी चहा-बिस्किट किंवा पोहे खाऊन गेला असेल तर ट्रायग्लिसराइड तसंही चढतं. रात्री आठला जेवून, मधे फक्त पाणी पिऊन, सकाळी उपाशीपोटी पुन्हा तपासा. सोबत एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, बघा, ते ४० च्या खाली नको. उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी) आणि यकृताची एसजीपीटी करा. एचबीएवनसी ५.७ पासून ६.४ पर्यंत आलं तर ती मधुमेहाच्या आधीची पायरी. पण सोबत हिमोग्लोबिनही करा, कारण लोहाची कमतरता असली की हा आकडा खोटा वाढलेला दिसू शकतो, आणि रक्ताची कमी आपल्याकडे घरोघरी आहे. देशभरच्या मुलांची जी मोठी पोषण पाहणी २०१६ ते २०१८ मध्ये झाली, तीत शाळकरी आणि किशोरवयीन मुलांपैकी साधारण दहातलं एक मधुमेहाच्या आधीच्या पायरीवर सापडलं. तेव्हा हा फक्त श्रीमंतांच्या घरचा प्रश्न आहे असं समजू नका.

रक्तदाब मोजायला सांगा. तीन वर्षांच्या पुढच्या मुलाचा वर्षातून एकदा मोजायचाच असतो, पण मुलाच्या दंडाच्या मापाचा पट्टा लागतो. पट्टा लहान पडला तर आकडा उगाच वाढतो, मोठा असला तर कमी दिसतो. १३ वर्षांच्या आत वय आणि उंचीनुसार तक्ता पाहावा लागतो, त्यामुळे '११०-७०, छान' असं वरवर बोलून भागत नाही. थायरॉइड मात्र प्रत्येक जण विचारतो. मुलाची उंची नीट वाढत असेल तर पोट सुटायला थायरॉइड बहुधा कारण नसतं. ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) यांचीही तुमच्या मुलाला आज गरज नाही, तो पैसा वाचवा. फक्त खेळताना छातीत दुखणं, धावताना चक्कर येऊन पडणं, बरोबरीच्या मुलांच्या मानाने फारच धाप लागणं, किंवा घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलेलं असणं, यांपैकी काही असेल तर मैदानावर पाठवण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा.

वय ११ म्हणजे वयात येण्याचा उंबरठा. या काळात इन्सुलिनचा प्रभाव सगळ्याच मुलांत निसर्गतः काही वर्षं कमी होतो आणि पुढे सावरतो. ज्याच्या घरात मधुमेह आहे, पोटावर चरबी आहे आणि दिवस बसून जातो, त्याला या चढावर दम लागतो. आज्जी म्हणतात, 'मोठं झालं की उंच होऊन बारीक होईल की'. उंची वाढेल हे खरं, आणि तिचा फायदा घ्यायचा तो आत्ताच. वजन उतरवायचं नाही, उपाशी ठेवायचं नाही, नुसतं आहे तिथे धरून ठेवायचं. उंची वाढत जाते तसं प्रमाण आपोआप सुधारतं. पण काहीच न करता ते होत नाही.

कोचिंगकडे येते. बेळगावात क्रिकेटचं वेड मोठं आहे, आणि मला ते आवडतं. पण कुठल्याही नेटवर संध्याकाळी जाऊन दहा मिनिटं उभ्या राहा आणि फक्त आपल्या मुलाकडे बघा. वीस पोरं, दोन नेट. बॅटिंगला पाच-सात मिनिटं, थोडी बॉलिंग, बाकी वेळ पॅड बांधून रांगेत. तासाचा खरा घामाचा वेळ फार थोडा. कोच चांगला असेल तर सुरुवातीला वीस मिनिटं पळवतो आणि थांबलेल्या पोरांना फील्डिंगला लावतो. तसा असेल तर जरूर घाला. नसेल तर त्याच पैशात आणि त्याच वेळात खो-खो, कबड्डी, फुटबॉल, बास्केटबॉल, पोहणं किंवा तालीम यांतलं काहीही जास्त कामाचं. खो-खोत तर बसलेला खेळाडूसुद्धा उठायच्या तयारीत, मांड्या ताणून बसलेला असतो. कुस्तीची परंपरा आपल्या भागात अजून जिवंत आहे. पैलवान करायचं नसलं तरी ११ वर्षांच्या पोराला जोर-बैठका आणि सूर्यनमस्कार शिकवायला चांगला वस्ताद मिळाला तर त्यासारखं भाग्य नाही. स्नायू वाढला की साखर उचलणारं कोठार वाढतं, आणि आपल्या मुलांत जन्मतः कमी असतो तो स्नायूच. आणखी एक, मुलाला जे आवडेल तेच निवडा. नावडता खेळ पाऊस लागला की सुटतो.

पावसाचा मुद्दा इथे खरा आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत व्हॅक्सिन डेपो काय नि लेले मैदान काय, चिखल. पोरं चार महिने घरात अडकतात आणि तेवढ्यात सवय मोडते. त्या दिवसांसाठी दोरीवरच्या उड्या, जिना, सूर्यनमस्कार, गाण्यावर नाच, लेझीम. गल्लीत गणपतीच्या आधी झांज किंवा ढोल-ताशाचा सराव चालतो, त्याला पोरांना जाऊ द्या, फक्त ढोलाच्या अगदी जवळ असतील तर कानांत बोळे घाला. नवरात्रात दुर्गामाता दौडीला पहाटे उठून अनवाणी पळणारी हीच पोरं असतात. त्यांच्या अंगात ताकद नाही असं नाही. नऊ दिवसांनंतर त्यांना पळायला कुणी बोलावत नाही, एवढंच.

हलक्या हालचालीबद्दल मला जे म्हणायचंय ते दिवाळीचा किल्ला बघून नीट कळेल. चार-पाच पोरं सहामाही परीक्षा संपली की कामाला लागतात. कुणी पोत्यातून माती आणतो, कुणी दगड. पाण्याच्या बादल्या भरतात, उकिडवे बसून चिखल थापतात, उठतात, दोन पावलं मागे जाऊन बुरूज वाकडा झालाय का बघतात, पुन्हा बसतात. अळीव पेरतात आणि रोज पाणी घालतात. त्यात धाप लागत नाही, कुणी त्याला व्यायाम म्हणत नाही. पण चार तासांत ते पोरगं शंभर वेळा उठतं-बसतं. आणि त्या चार तासांत त्याला मोबाईलची आठवण होत नाही, हे तुम्ही स्वतः पाहिलेलं असेल. अशी कामं वर्षभर शोधायची आहेत.

तुमच्या मुलापुरतं सांगते. ट्यूशन एक किलोमीटरवर आहे असं लिहिलंय, तिथे स्कूटरवर सोडू नका, चालत जाऊ दे. जाऊन-येऊन अर्धा तास झाला. रिक्षावाल्या मामांना सांगून परतताना दोन चौक आधी उतरवता येत असेल तर उतरवा, पण रेल्वे गेटजवळ किंवा मोठ्या रस्त्यावर नको, रहदारी बघून. गृहपाठाला अर्ध्या तासाचा गजर लावा आणि गजर झाला की उठून पाणी भर, झाडांना घाल, आज्जीला काय हवं ते दे, असं तीन-चार मिनिटांचं काम. पाढे आणि कविता फिरत पाठ करू दे, तसंही त्या तशाच लवकर होतात. करमणुकीचा मोबाईल दिवसाला दोन तासांच्या आत, आणि रात्री नऊनंतर फोन हॉलमध्ये चार्जिंगला, तुमचासुद्धा. तो साडेनऊला झोपला तर तासाभराची झोप अशीच मिळते. घरकामात मुलाला घ्या. फरशी पुसणं, अंथरुणं घालणं ही मुलाच्या मांड्यांनाही तितकीच चांगली आहेत जितकी मुलीच्या.

मुलींचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबते, कारण माझ्या दवाखान्यात सगळ्यात कमी हलणारा गट ११ ते १६ च्या मुलींचा आहे. पाळी सुरू झाली की आपल्याकडे मुलीचं मैदान बंद होतं. कुणी मुद्दाम बंद करत नाही, पण संध्याकाळी उशीर होतो, मैदानावर स्वच्छतागृह नसतं, आज्जीला आवडत नाही, दहावी जवळ येते. मग वजन वाढतं, पाळी चुकते, पीसीओएसचं (पाळी बिघडवणाऱ्या हार्मोनच्या विकाराचं) नाव निघतं, आणि तेव्हा सगळे व्यायाम कर म्हणून तिच्या मागे लागतात. पाळीच्या दिवसांतही त्रास नसेल तर खेळायला काहीच हरकत नाही. गल्लीतल्या चार-पाच मुली मिळून जाऊ लागल्या की बरेच प्रश्न सुटतात, एकटीवर नजर राहत नाही.

शाळेत पालकसभेला एक गोष्ट ठामपणे मांडा. खेळाचा तास गणिताला किंवा एसएसएलसीच्या (दहावीच्या) तयारीला देऊ नका. आणि दोन तासांच्या मधे सगळ्या वर्गाला उभं करून दोन मिनिटं हात-पाय हलवायला लावायला कुठलाच खर्च नाही. बऱ्याच शिक्षकांना हे मनापासून पटतं, पालक मागणी करत नाहीत म्हणून राहून जातं.

खानापूरकडच्या वाड्यांतली मुलं अजून दोन-तीन किलोमीटर चालत शाळेला जातात. त्यांच्या पालकांनी हे वाचून खेळाच्या क्लासच्या मागे लागू नये. त्या मुलांना आधी पोटभर डाळ, अंडं, दूध मिळतंय का ते बघायचं आहे.

तुमच्या मुलाची कंबर, उंची, वजन आणि रक्तदाब आज लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजा, उपाशीपोटीचं ट्रायग्लिसराइडही तेव्हाच पुन्हा करा. मधल्या काळात रोज वजन करू नका आणि त्याच्यासमोर 'ढेरी' हा शब्द कुणी काढू नका, पाहुण्यांनीही. ट्रायग्लिसराइड हालचालीला आणि साखर कमी केल्याला पटकन प्रतिसाद देतं, त्यामुळे चहात साखर निम्मी, बाटलीतली पेयं बंद, आणि कुंदा किंवा करदंट अशी मिठाई फक्त सणावाराला, एवढं सोबत करा. तीन महिन्यांनीही ते १३० च्या वर असेल तर रिपोर्ट घेऊन मुलांच्या डॉक्टरांकडे जा.

धाकटीचं सोपं आहे. ३ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल हवी, त्यातली ६० मिनिटं उड्या-पळापळीची, झोप १० ते १३ तास, आणि स्क्रीन एका तासाहून जास्त नको, जितका कमी तितका बरा. सलग तासाभरापेक्षा जास्त वेळ तिला एका जागी अडकवू नका, मग ती खुर्ची असो, गाडी असो की मांडी. तिला जेवताना मोबाईल लागतो असं तुम्ही लिहिलंय. तो एकदम काढून घ्या, हळूहळू नको. तीन-चार दिवस ती रडेल, एखादं जेवण टाकेल. चांगल्या तब्येतीच्या मुलीला त्याने काही होत नाही. पाचव्या दिवसापासून भूक लागली की ती स्वतः ताटाशी येईल, आणि तेव्हा तिला भरवू नका, तिच्या हाताने खाऊ द्या, सांडलं तरी.